घरचं आरोग्य : साखर आणि साखळी



पाऊस लागला की आपण घरातल्या सगळ्या गोष्टींची काळजी घेतो. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधतो, डाळी-तांदळाला हात फिरवतो, मुलांचे दप्तर भिजू नये म्हणून प्लॅस्टिक शोधून ठेवतो. या सगळ्यांत राहून जातात ते आपले पाय. ओली मोरी, ओल्या चपला आणि बाजारातला चिखल यांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. खान्देशच्या उन्हाळ्यात टाचांना पडलेल्या भेगा अजून भरलेल्या नसतात. त्यात एखादा बाभळीचा काटा रुततो. आमच्याकडे अहिराणीत म्हणतात तसं, "त्याले काय व्हस?" असं म्हणून आपण पुन्हा कामाला लागतो.

बहुतेकींना खरोखरच काही होत नाही. परंतु ज्या घरात मधुमेह आहे, मूत्रपिंडाचं किंवा यकृताचं जुनं दुखणं आहे, कुणाचा कर्करोगाचा उपचार चालू आहे किंवा घरात म्हातारं माणूस आहे, तिथे एवढंसंच कधी कधी जिवावर बेततं. म्हणून या खेपेस थोडा गंभीर विषय घेतला आहे. वाचून घाबरायचं नाही, पण कानाआडही करायचं नाही.

माळेतले मणी

या दुखण्यांच्या मागे पुष्कळदा जो जंतू असतो त्याचं नाव स्ट्रेप्टोकोकस. नाव अवघड, पण अर्थ सोपा आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर हे बारीक गोल जंतू पोतीत मणी ओवावेत तसे साखळीनं दिसतात. व्हिएन्नाचे शल्यवैद्य बिलरोथ यांनी १८७४ साली त्यांना हे ग्रीक नाव दिलं. पुढे १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या रेबेका लान्सफील्ड या संशोधक बाईंनी त्यांचे 'ए', 'बी' असे गट पाडून दाखवले. आजही जगभरचे डॉक्टर तेच गट वापरतात.

हे कुटुंब मोठं आहे. 'ए' गटाचा जंतू मुलांच्या घशात बसतो आणि घसा लाल करतो. तोच कातडीत शिरला तर धावरं होतं, पाय लालबुंद सुजतो. 'बी' गटाचा जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात काही त्रास न देता राहतो. बाळंतपणात तो बाळाला बाधू शकतो म्हणून डॉक्टर त्याला फार वर्षांपासून ओळखतात. पण मधुमेह असलेल्या आणि उतारवयातल्या माणसांत तो रक्तात, लघवीच्या मार्गात, कातडीत, हाडांत आणि सांध्यांतही शिरतो, हे आता चांगलं कळून आलं आहे. न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंत पहिला मान ज्याचा, तो न्यूमोकोकसही याच घरचा. आणखी काही भावंडं आपल्या तोंडात, हिरड्यांच्या कडेला असतात.

म्हणजे शत्रू बाहेरून चालून येतो असं नाही. तो पुष्कळदा घरातच असतो. कातडी अखंड आहे आणि अंगात जोर आहे, तोवर तो गप्प बसतो. दार फटीनं उघडं राहिलं आणि आतला पहारेकरी पेंगत असला, की तो आत येतो. काळपुळी आणि करट यांचा जंतू बहुधा दुसऱ्या जातीचा असतो, पण काळजी दोन्हींत सारखीच घ्यायची.

पहारेकरी का पेंगतो?

रक्तात साखर फार वाढली की जंतूंना खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यानं पायापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? शिवाय मज्जातंतू बधिर होतात. काटा रुतला, चपलेचा खिळा वर आला, तरी कळत नाही. दुखणं ही निसर्गानं दिलेली घंटा आहे, आणि मधुमेही माणसाची ती घंटाच मुकी होते. वर आणखी असं, की जंतूंची बाधा झाली की साखर आणखी चढते, आणि चढलेल्या साखरेनं बाधा वाढते. दोघी एकमेकींना ओढत नेतात.

आपल्या महाराष्ट्राला याचं एक उदाहरण माहीत आहे, फक्त आपण ते आरोग्याच्या नजरेनं पाहत नाही. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं त्यांनी खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळून काढली. १९२० च्या जुलैत मुंबईला सरदारगृहात मुक्कामाला असताना त्यांना ताप आला, त्यातून न्यूमोनिया झाला, आणि १ ऑगस्टला ते गेले. तेव्हा त्यांचं वय ६४ होतं. मधुमेहावरचं इन्शुलिन सापडलं १९२१ साली, आणि पहिल्या रोग्याला ते टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली. एवढ्या मोठ्या माणसाच्या उशाशी उत्तम डॉक्टर होते, पण त्यांच्या हातात ही दोन औषधं नव्हती.

दुसरं उदाहरण सुईचं आहे, म्हणून आपल्याला जवळचं वाटेल. १९३५ च्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड डोमाक या शास्त्रज्ञाच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात शिवणाची सुई घुसली. साखळीजंतूंची बाधा होऊन हात इतका चढला की तो कापावा लागेल असं डॉक्टर म्हणू लागले. बापानं आपल्याच प्रयोगशाळेतलं प्रॉन्टोसिल हे नवं औषध तिला दिलं, आणि हातही वाचला, मुलगीही वाचली. १९३९ साली डोमाक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. पुढे आपल्याकडेही पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागलं.

आणि समाधानाची गोष्ट ही, की 'ए' गटाचा हा जंतू पेनिसिलिनला आजही वचकून आहे. बाकीचे कितीतरी जंतू औषधांना दाद देईनासे झाले, हा मात्र देतो. लोकमान्यांच्या वेळी औषध नव्हतं, आपल्या वेळी आहे. आता उणीव पडते ती वेळेची. आणि ही वेळ बहुधा घरात वाया जाते, दवाखान्यात नाही.

एक नवस

आमच्या देवपुरातल्या एका ओळखीच्या बाईंची हकिगत त्यांच्याच परवानगीनं सांगते. वय बावन्न, मधुमेह दहा वर्षांचा. गोळ्या चालू, पण सणवार, पाहुणे आले की गोळीला सुट्टी. मुलाला नोकरी लागावी म्हणून सप्तशृंगीला अनवाणी पायी जाण्याचा नवस बोलल्या होत्या. चैत्रात खान्देशातून किती लोक वणीच्या गडावर पायी जातात, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मालेगाव, कळवण करत त्या गेल्या. डांबर तापलेलं. तळपायाला फोड आले, पण पाय आधीच बधिर, त्यामुळे फारसं कळलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस हळद-तेल लावलं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. घरचे म्हणाले, "उन्हाची झळ असेल." पायाचा लाल रंग घोट्यावरून नडगीपर्यंत चढला होता, पण लुगड्याखालचा पाय कोण पाहतो? घरी नणंदेचं माहेरपण चालू. या म्हणाल्या, "पाहुणे जाऊ देत, परवा दाखवते." चौथ्या दिवशी सकाळी सुनेनं चहा दिला तर कप धरता येईना, बोलणं असंबद्ध. सुनेनं मात्र कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि सरळ दवाखाना गाठला. साखर चारशेच्या वर, रक्तदाब उतरलेला. डॉक्टरांनी शिरेतून औषध सुरू केलं आणि त्याच दिवशी पायाचा मेलेला भाग कापून काढला. तपासणीत साखळीजंतूच निघाले. बावीस दिवस दवाखान्यात गेले. दोन बोटं गेली, पाय राहिला, बाई राहिल्या.

या वर्षी त्या वणीला एस. टी.नं गेल्या. मला म्हणाल्या, "आईनं माझे पाय मागितलेच नव्हते. मीच देऊ केले होते."

नवस, उपास, अनवाणी चालणं यांना मी नावं ठेवत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण मधुमेह असेल तर देवीला पायात चपला घालून जावं, आणि नवस बोलतानाच हे तिला सांगून ठेवावं. आपल्या लेकीचा पाय जावा असं कोणत्या आईला वाटेल?

ओळखावं कसं?

पुढची लक्षणं कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा.

१. जखमेभोवती किंवा नुसत्याच पायावर-हातावर लाली, सूज आणि कढत स्पर्श. ही लाली वाढते आहे का, हे पाहायला तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढावी आणि बाजूला वेळ लिहावी. तीन-चार तासांत लाली रेघेबाहेर गेली तर थांबू नये.

२. थंडी वाजून ताप. म्हाताऱ्या माणसांना ताप येतोच असं नाही. नुसती गुंगी, बडबड, जेवण नको म्हणणं, अंथरुणात लघवी होणं, एवढंच दिसतं. "वयानं होतंय" म्हणून ते सोडू नये.

३. दिसतं थोडं आणि दुखतं फार. वरून कातडी बरी दिसते, पण माणूस कळवळतो. हे फार वाईट चिन्ह. जंतू खोल, स्नायूंच्या वेष्टणात शिरल्याची ती खूण असू शकते.

४. कातडी जांभळी-काळी पडणं, पाण्याचे फोड येणं, किंवा आधी ठणकणारा भाग एकाएकी बधिर होणं.

५. धाप, छातीत दुखणं, गंजलेल्या रंगाचा कफ, लघवी फार कमी होणं, हातपाय गार पडणं.

पहिली दोन दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. शेवटच्या तिन्हींपैकी एकही दिसलं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय. एकशे आठ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. आमच्या धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तुमच्या गावाजवळ कोणतं, हे आजच माहीत करून ठेवा, रात्री दोन वाजता विचारत बसू नका. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असावं. सरकारी योजनेत उपचार बसतात का, हे तिथे विचारता येतं.

हा बाऊ नव्हे. २०२४ साली जपानसारख्या स्वच्छ, संपन्न देशात या जंतूंच्या अतिगंभीर बाधेचे ९७७ रुग्ण २ जूनपर्यंतच नोंदले गेले. आदल्या संपूर्ण वर्षात ते ९४१ होते. अशा बाधेत शंभरातली तीसएक माणसं दगावतात, तीही पुष्कळदा दोन-तीन दिवसांत. दुखणं विरळ आहे हे खरं. पण आपल्या देशात मधुमेही किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज १० कोटींच्या वर आहे. म्हणजे आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत काही घरं आलीच.

हे करू नका

जखमेवर बिब्बा, चुना, तंबाखू, शेण, राख काहीही घालू नये. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि जंतूंना नवं दार मिळतं. बधिर पायाला गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नये, भाजल्याचं कळत नाही. लाल सुजलेला पाय चोळू नये.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या किंवा शेजारणीला लागू पडलेल्या गोळ्या घेऊ नयेत. नुसत्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कळ आणि ताप झाकला जातो, आत बाधा वाढत राहते. डॉक्टरांनी सात दिवसांचं औषध दिलं असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नये. आणि आजारात जेवण जात नाही म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मनानं बंद करू नये. डॉक्टरांना फोन करून विचारावं.

आता थोडं नाजूक. हाताला किंवा बोटाला बाधा झाली, नखुरडं झालं, की सूज चढायच्या आत अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. पायाला तसं झालं की जोडवी. सौभाग्याचं लेणं म्हणून बायका काढू देत नाहीत, मग सुजलेल्या बोटात जोडवं रुतून बसतं आणि रक्त अडतं. एरवीसुद्धा मधुमेही बाईनं घट्ट जोडवी घालू नयेत. सैल करून घ्यावीत आणि रोज त्यांच्याखालची कातडी पाहावी. सौभाग्य जोडव्यात असतं तसं ते धडधाकट पायांतही असतं, असं सासूबाईंना मी सांगितलंय म्हणून सांगा.

रोजची पाच मिनिटं

रात्री भांडी आवरल्यावर पाच मिनिटं पायांना द्या. कोमट पाण्यानं आणि साबणानं पाय धुवावेत. पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून पाहावं, पायानं नव्हे. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या कराव्यात. टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावं, पण बेचक्यांत तेल घालू नये. वजरीनं खसाखसा घासू नये. नखं सरळ कापावीत, कोपरे खणू नयेत. कुरूप ब्लेडनं कापू नये. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावं, किंवा नातवंडाला पाहायला सांगावं. मुलांना हे काम आवडतं.

चिखल्या वारंवार होत असतील तर त्यांचं औषध डॉक्टरांकडून घ्यावं. पाय लाल होऊन सुजण्याची सुरुवात पुष्कळदा त्या पांढऱ्या, फुगलेल्या कातडीतूनच होते. घरातही मऊ चपला घालाव्यात. ज्यांना हत्तीरोगामुळे पायाला कायमची सूज आहे, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर एक हात सुजलेला असतो, त्यांनी त्या अवयवाला विळी, काटा, सुई यांपासून विशेष जपावं. त्यांना ही बाधा पुनःपुन्हा होते.

घशाचंही सांगते. मी शाळेत अर्धा दिवस शिकवायला जाते. पावसाळ्यात आणि थंडीत वर्गातली निम्मी पोरं खोकत असतात. पुष्कळांचं साधं पडसं असतं. पण गिळताना घसा फार दुखतो, ताप आहे, गळ्यातल्या गाठी सुजल्या आहेत आणि खोकला मात्र नाही, असं असेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवावं. औषध सुरू होऊन एक दिवस होईपर्यंत त्याला आजी-आजोबांच्या कुशीत निजवू नये आणि त्याचं फुलपात्र वेगळं ठेवावं. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप बिघडलेल्या माणसांनी तर घशाकडे फारच लक्ष द्यावं. डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी टोचायला सांगितलेलं पेनिसिलिन चुकवू नये, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेबद्दल आवर्जून सांगावं.

न्यूमोकोकसवर लस आहे. लहान मुलांना ती सरकारी लसीकरणात मिळते. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी, तसंच मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस यांचं जुनं दुखणं असलेल्यांनी आणि पाणथरी काढलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना "मला ती लस घ्यायची का?" एवढं विचारावं.

शेवटी एक

या विषयावर डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट मनाला लागली. त्या म्हणाल्या, "पुरुषाला बायको घेऊन येते, सासूला सून घेऊन येते, मुलांना आई घेऊन येते. आई मात्र पुष्कळदा एकटीच येते, आणि उशिरा येते." घरात सगळ्यांच्या साखरेचे आकडे आपल्याला पाठ असतात. आपली स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, हे आठवतं का? चाळिशी ओलांडली असेल, वजन वाढलं असेल, आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं. हळदीकुंकवाला जशी तारीख ठरवतो तशी याचीही ठरवावी. दोघी-तिघींनी मिळून जावं, म्हणजे होतं.

आणि सुनांनो, लेकींनो, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा पाय अधूनमधून आपणहून पाहत जा. ती स्वतः दाखवणार नाही. नमस्काराला वाकता, तेव्हा तेवढं बघून घ्या.

पुढच्या अंकी चातुर्मासातले उपास आणि मधुमेहाच्या गोळ्या यांचा मेळ कसा घालावा, ते पाहू.